एकशे पंचवीस बरोबर होतं

आमच्या शाळेत गणित मनापासून आवडणारे चारच जण होते आणि संघातही चारच जण लागत होते, त्यामुळे निवड चाचणी वगैरे काही झालीच नाही. नववीचं वर्ष. शाळा नाशिक हायवेवरच्या एका बाजारगावात. गणिताच्या मॅडमनी मधल्या सुट्टीत आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं आणि विचारलं, "पुण्यात शाळांच्या संघांची गणिताची स्पर्धा असते. जायचं का आपण?" आम्ही हो म्हणालो. पुढचे काही महिने मी ज्या ज्या गोष्टीवर चिडले, त्या सगळ्यांची सुरुवात त्या होकारापासून आहे.

मी खोडदची. संघातला दुसराही खोडदचाच. त्याचे वडील गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ऑफिसात कामाला, त्यामुळे त्याच्या घरी इंग्रजी पुस्तकं होती आणि तो इंग्रजी वाचायला घाबरत नसे. तिसरा पिंपरी पेंढारचा. मामाकडे राहून शिकत होता. भूमितीची आकृती नुसती बघून तो सांगायचा की कोणता कोन कशाएवढा आहे, पण मामाच्या टोमॅटोचा तोडा असला की शाळेलाच दांडी. चौथी होती ती. तिचं नाव मी इथे घालत नाही. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको. नुसतं ती म्हण."

ती आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. घरी भात आणि नाचणी. शाळेजवळच्या वसतिगृहात राहायची. वर्गात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. गणिताच्या तासाला मात्र मॅडम फळ्यावर काही चुकल्या तर तिचा हात हळूच वर यायचा, आणि तो वर आला की मॅडम खडू थांबवून आधी स्वतःचं लिहिलेलंच तपासायच्या.

सराव करायचा कुठे आणि कधी, इथूनच रडगाणं सुरू झालं. मुख्याध्यापकांनी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा वापरायला दिली. चार दिवस झाले नाहीत तोवर गॅदरिंगच्या नाचांची तालीम तिथे आली, कारण हॉलच्या खिडक्यांचं काम निघालं होतं. स्पीकर लावून एकच गाणं पुन्हा पुन्हा. आम्ही मागच्या बाकावर बसून विभाज्यतेच्या कसोट्या करतोय आणि पुढे दहा मुली कंबरेवर हात ठेवून उभ्या. मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, गॅदरिंगला आमदार येणारेत. तुमचं काय, तुम्ही झाडाखालीसुद्धा कराल."

झाडाखालीसुद्धा केलं असतं. पण उसात बिबट्या दिसल्याचं रोज कुणीतरी सांगत होतं, त्यामुळे उन्हं उतरली की घरचे फोन सुरू. दिवेलागणीच्या आत घरात, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. शाळा सुटायची आणि गाडी पकडायची यांच्यामध्ये जेमतेम अर्धा तास. मॅडम मंचरहून स्कूटीवर यायच्या आणि त्यांनाही अंधाराआधी परत जायचं असायचं. शेवटी आम्ही मधली सुट्टी धरली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पेन. भाजीचे डाग पडलेले ते कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

घरी वेगळाच प्रकार. वडिलांनी विचारलं, "ह्याचे मार्क धावीला धरत्यात का?"

"नाही."

"मग शिष्यवृत्ती मिळती?"

"नाही."

"मग काय मिळतं?"

 आवडतं म्हणून करतो, असं म्हणायला मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. ताट तसंच ठेवून मी उठले. आई म्हणाली, "करू द्या की तिला. मोबाईल बघत बसण्यापरीस बरं." हा पाठिंबा होता, पण त्यानेही मला बरं वाटलं नाही.

मॅडम जुने प्रश्न मोबाईलवर पाठवायच्या. वसतिगृहात फोन एकच, तोही अधीक्षिकाबाईंकडे, त्यामुळे तिच्यापर्यंत काही पोहोचायचं नाही. मग मी सगळे प्रश्न हाताने उतरवून तिला नेऊन द्यायचे. आणि इतकं करूनही ती दुसऱ्या दिवशी त्यातले दोनच सोडवून आणायची. दोन्ही बरोबर, पण दोनच!

माझा आणि तिचा खरा खटका इथेच उडायचा. मला घाई. प्रश्न अर्धा वाचून होईतो माझा हात चालू झालेला असायचा. ती मात्र ओळीखाली बोट ठेवून वाचायची. एकदा वाचायची, परत पहिल्यापासून वाचायची, मग खिडकीबाहेर बघायची. संघाच्या फेरीत चौघांनी मिळून सोडवायचं असतं, बोलत बोलत. ही बोलायचीच नाही.

"अगं, काहीतरी बोल ना!" मी एकदा ओरडलेच.

"वाचतीय."

"किती वाचशील?"

"संपस्तवर."

पेंढारचा हसायला लागला. मी कागद त्याच्या अंगावर फेकला. तिने शांतपणे बोट पुढच्या शब्दावर सरकवलं.

त्या स्पर्धेत दोन फेऱ्या होत्या. पहिली एकत्र बसून सोडवायची. दुसरीला रिले म्हणायचे. त्यात चौघं एकामागे एक बसतात. पहिल्याने आपला प्रश्न सोडवायचा आणि फक्त उत्तराची चिठ्ठी मागच्याकडे द्यायची. दुसऱ्याच्या प्रश्नात ती संख्या वापरायची असते, त्याचं उत्तर तिसऱ्याकडे, तिसऱ्याचं चौथ्याकडे. बोलायचं नाही, दुसऱ्याचा कागद बघायचा नाही. पहिला चुकला की मागचे तिघं कितीही हुशार असोत, संघ गेला. जो संघ आधी आणि बरोबर संपवेल त्याला जास्त गुण.

पहिलं कोण बसणार यावरून दोन दिवस वाद झाला. खोडदच्याला स्वतःला पुढे बसायचं होतं. म्हणाला, "ती लई वेळ खाती राव. मागचे काय टाळ कुटत बसणार?"

मॅडम म्हणाल्या, "तिचं उत्तर आजवर चुकलंय का कधी?"

चुकलेलं नव्हतं. ती पहिली, खोडदचा दुसरा, पेंढारचा तिसरा, मी शेवटची. असं ठरलं आणि मला ते पटलंही. आजही पटतं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी एसटीने निघालो. मॅडम मंचरला गाडीत चढल्या. चाकणला एवढी कोंडी होती की पेंढारचा खाली उतरून वडापाव घेऊन परत आला तरी गाडी जागची हललेली नव्हती. पुण्यात कॉलेजच्या हॉलवर पोहोचलो तेव्हा बाकीचे संघ बसलेले होते. बहुतेक सगळे शहरातल्या शाळांचे. एकसारखे टी-शर्ट, पाठीवर शाळेचं नाव. आम्ही गणवेशात होतो. टेबलावर आमच्या नावाशेजारी लिहिलं होतं, माध्यम मराठी.

पहिली फेरी अशी झाली की मला सरावातली सगळी चिडचिड विसरायला झालं. मी आणि खोडदचा धडाधड सोपे प्रश्न उडवत होतो, पेंढारचा आकृत्या काढत होता, आणि आम्ही जिथे अडकायचो तो कागद नुसता तिच्यापुढे सरकवायचो. ती बोट ठेवून वाचायची आणि थोड्या वेळाने हळूच म्हणायची, "ह्यात पहिला दिवस पण धरायचाय." तेवढंच. आम्हाला पुढचं दिसायचं. फेरी संपल्यावर फळ्यावर गुण लागले. आमचा संघ दुसरा होता. मॅडमनी हॉलच्या दारातून दोन्ही हात वर केले. एरवी त्या हातात खडू नसला तर हात कुठे ठेवायचे ते न कळणाऱ्या बाई.

मग रिले. एकामागे एक बसलो. शिट्टी वाजली. माझ्या पुढ्यात माझा प्रश्न होता: तुम्हाला मिळालेली संख्या क माना, पहिल्या क विषम संख्यांची बेरीज काढा. सोपं. क चा वर्ग. मी चिठ्ठीची वाट बघत तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती वाचत होती. शेजारच्या संघातली पहिली मुलगी चिठ्ठी देऊन मोकळीसुद्धा झाली. मी मनात म्हटलं, अगं लिही गं बाई. शेवटी तिचा हात मागे आला. मग सगळं भराभर झालं. माझ्या हातात चिठ्ठी आली, त्यावर २. मी ४ लिहिलं आणि हात वर केला.

हॉलमध्ये सगळ्यात पहिला हात माझा होता.

दोन? एवढीच संख्या? असा विचार माझ्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण तो आला आणि गेला. आम्ही पहिले होतो. बाहेर व्हरांड्यात आल्यावर पेंढारच्याने मला पाठीत एवढ्या जोरात धपाटा घातला की माझा चष्मा खाली पडला.

नळावर पाणी पिताना शेजारच्या संघातली मुलं भेटली. टी-शर्टवाला एक मुलगा स्वतःहून बोलायला आला. "पहिला सोपा होता ना? साठ."

ती म्हणाली, "एकशे पंचवीस."

"साठच. एक ते पाच अंक घेऊन तीन अंकी किती संख्या होतात. पाच गुणिले चार गुणिले तीन."

"पाच गुणिले पाच गुणिले पाच. अंक परत वापरायचा नाय, असं कुठं म्हणलंय?"

"म्हटलंय की. सगळे अंक वेगवेगळे हवेत, असं स्पष्ट लिहिलंय."

"नाय लिहिलं," ती म्हणाली. मी तिला इतकं ठाम बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तो मुलगा त्याच्या सरांकडून इंग्रजी प्रश्नपत्रिका घेऊन आला. खोडदच्याने वाचली आणि त्याचं तोंड उतरलं. लिहिलेलं होतं. इंग्रजीत होतं आणि मराठीत तेवढे शब्द गळले होते. साठ आलं असतं तर खोडदच्याने त्याचे विभाजक मोजून बारा काढले असते, पेंढारच्याने बारा बाजूंच्या आकृतीचे कर्ण मोजून चोपन्न, आणि मी चोपन्नचा वर्ग लिहिला असता. एकशे पंचवीस आल्यामुळे चार, मग दोन, मग चार. आम्ही चौघांनी आपापलं गणित अचूक सोडवलं होतं, आणि संघाला शून्य मिळणार होतं.

मॅडम आम्हाला घेऊन आयोजकांच्या टेबलापाशी गेल्या. तिथे एक वयस्कर प्राध्यापक आणि एक बाई होत्या. दोघंही अगदी सभ्य. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. बाई म्हणाल्या, "हो, राहिलंय खरं. पण सूचनेत दिलेलं आहे, भाषांतरात फरक असल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य."

"अहो, पण यांना इंग्रजी कागद दिलाच नव्हता," मॅडम म्हणाल्या. "रिलेत दुसऱ्याचं बघायचं नाही हा तुमचाच नियम. मग मुलीने ताडून बघायचं कशाशी?"

प्राध्यापक म्हणाले, "तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण मराठी माध्यमाचा आणखी एक संघ आहे. त्यांनी साठच लिहिलंय. त्यांना समजलं की असा प्रश्न आला म्हणजे अंक वेगवेगळे धरायचे."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. त्या संघाने प्रश्न नीट वाचला नव्हता म्हणून त्यांना गुण. हिने वाचला म्हणून हिला फुली. मी बोलायला तोंड उघडलं तर मॅडमनी माझा दंड धरला.  "मग तेवढा प्रश्न रद्द करा," त्या म्हणाल्या.

"सगळ्या संघांचा? आता?" बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघितलं.

पुढचा संघ कसलीशी चौकशी करायला आला आणि आम्ही टेबलापासून बाजूला झालो. कुणी आम्हाला हाकललं नाही की ओरडलं नाही. त्यामुळे भांडायलाही काही धरून ठेवण्यासारखं हाती उरलं नाही.

निकाल लागला तेव्हा आम्ही चौथे होतो. पहिल्या तीन संघांना पुढच्या फेरीला जायचं होतं. बक्षीस समारंभात चौथ्या संघालाही प्रमाणपत्रं द्यायला बोलावलं. आम्ही रांगेने वर गेलो. ती माझ्या पुढे होती. प्राध्यापकांनी हसून प्रमाणपत्र पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"सर, माझं उत्तर चूक हाय का?"

ते गोंधळले. माईकपासून बाजूला सरून म्हणाले, "बाळ, स्पर्धेत असं कधीकधी होतं."

"व्हतं का, असं नाय विचारलं. चूक हाय का?"

खाली पहिल्या रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. प्राध्यापकांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुला जो प्रश्न दिला, त्याचं उत्तर एकशे पंचवीसच आहे."

"मग फुली खोडा."

"आता निकाल बदलता येत नाही."

"निकाल राहू द्या. माझ्या कागदावरची फुली तेवढी खोडा."

"कागद पिशवीत सील झाले, बाळ." त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरली. मग प्रमाणपत्र घेतलं आणि खाली उतरली. टाळ्या वाजल्या, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांना काही ऐकू आलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं लावून बसले. पेंढारचा मागच्या सीटवरून म्हणाला, "तू पण ना. साठ लिहून टाकायचं. असल्या प्रश्नात साठच असतंय, माहिती नाय व्हय तुला?"

"माहिती व्हतं," ती म्हणाली.

मी सरळ झाले. "माहीत होतं?"

"दोन्ही काढली व्हती. साठ पण आणि एकशे पंचवीस पण. मग परत वाचलं. लिहिलेलं नव्हतं. मग म्हणलं, त्यांनी मुद्दाम गाळलं आसंल, वाचतंय का बघायला."

 मला तिचा इतका राग आला की काय सांगू, आणि त्याच वेळी त्या रागाला काही आधारच नव्हता. मी असते तर न वाचता साठ लिहिलं असतं आणि आम्ही जिंकलो असतो. ही गोष्ट मला आजही पचत नाही. मॅडम मंचरला उतरायला उठल्या. उतरताना त्यांनी तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "तू असंच वाचत जा." मग मागे वळून माझ्याकडेही बघितलं, पण मला काय सांगायचं ते त्यांना सापडलं नसावं.

शाळेत मात्र आनंदीआनंद. मुख्याध्यापकांनी परिपाठाला आमचं 'उल्लेखनीय यश' जाहीर केलं, फोटो काढला, तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मॅडमनी घडलेला प्रकार सांगायचा प्रयत्न केला तर ते म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, चौथा नंबर काय कमी आहे का? आपल्या भागातून गेलंय कोण आजवर?" मॅडमनी आयोजकांना मेल केला. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभारी आहोत.

पुढच्या वर्षी संघ गेलाच नाही. दहावीचं वर्ष आहे, असं सगळ्यांच्या घरून आलं. मॅडमनी आठवीच्या मुलांना तयार करायचं म्हटलं, पण शाळेने मॅडमनाच एकामागून एक दुसरी कामं लावून दिली आणि तेही राहिलं. खोडदचा आता पुण्यात इंजिनिअरिंग करतो. पेंढारच्याने मामाकडेच शेती धरली, बरी चालली आहे. मी गणितात एम.एस्सी. करते आणि सुट्टीत घरी आले की मंचरच्या एका क्लासमध्ये शिकवते.

तिला दहावीला गणितात आमच्यात सगळ्यात जास्त गुण होते. सायन्सला प्रवेश घ्यायचा तर ज्या कॉलेजात जागा मिळाली तिथे मुलींचं वसतिगृह नव्हतं. घरून रोज येणं-जाणं डोंगरातून शक्य नव्हतं. जिथे वसतिगृह होतं तिथे आर्ट्स होतं. तिने आर्ट्स घेतलं. मी तेव्हा तिला फोनवर फार बोलले. तू भांडली का नाहीस, मॅडमना का नाही सांगितलंस, असं काहीबाही. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "कुणाशी भांडू ते सांग, मी भांडते." 

आता ती सरकारी भरतीच्या परीक्षा देते. यंदा दिवाळीत खोडदला आली होती, आमच्या घरी राहिली. दुपारी ओट्यावर बसून शेंगा फोडत होतो. मी विचारलं, "गणिताचा पेपर कसा असतो गं?"

"सोपा असतो. वेळ लई कमी असतो."

"वाचून होतं सगळं?"

"आधी इंग्रजी वाचते. मग मराठी वाचते. दोन्हीत फरक निघाला तर त्यांना काय पायजे त्याचा अंदाज लावते आन् ते लिहिते."

"आणि बरोबर काय आहे ते?"

तिने शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "ते घरी येऊन काढते," ती म्हणाली.

आई आतून चहा झाला म्हणून हाक मारत होती. मी उठले नाही. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओट्यावर आम्ही दोघीच होतो. शेवटी तीच उठली, आत गेली आणि दोन्ही कप घेऊन बाहेर आली.